एंजिनाची प्रकृती

पौष महिना लागला की महाराष्ट्राच्या पठारावर रब्बीची पिके भरात येतात. गव्हाच्या ओंब्या बाहेर पडू लागतात, हरभऱ्याला घाटे धरतात आणि कांद्याच्या वाफ्यांना वरचेवर पाणी द्यावे लागते. या दिवसांत पावसाची आशा नसते. जे काही पाणी असते, ते खोल विहिरीत. ते वर आणण्यासाठी आपले पूर्वज मोट हाकीत. बैलांची जोडी धावेवरून खाली उतरे, नाडा ताणला जाई आणि चामड्याची मोट थारोळ्यात ओतली जाई. बैल आणि माणूस दोघेही दिवसभर राबत, तरी थोडेच रान भिजे.

पुढे मोटेची जागा तेलाच्या एंजिनाने घेतली. १९४६ साली पुण्यास किर्लोस्कर ऑइल एंजिन्स हा कारखाना स्थापन झाला. तेव्हापासून अशी एंजिने आपल्याच प्रांतात मोठ्या संख्येने तयार होऊ लागली आणि गावोगावच्या विहिरींवर त्यांचा ठेका ऐकू येऊ लागला. आज बहुतेक विहिरींवर विजेचे पंप बसले आहेत. काही ठिकाणी सूर्याच्या उष्णतेवर नव्हे, तर सूर्याच्या प्रकाशावर चालणारे पंपही आले आहेत. तरीसुद्धा डीझेल एंजिनाचे काम संपलेले नाही. जेथे वीज पोहोचत नाही किंवा अवेळी जाते, तेथे शेतकरी अजूनही एंजिनाचाच आधार घेतो. शेतातील ट्रॅक्टर, कोकणच्या किनाऱ्यावरील मच्छीमारांचे ट्रॉलर, माल वाहणाऱ्या मोटारी, इतकेच नव्हे तर वीज गेल्यावर रुग्णालयातील शस्त्रक्रियेचे दिवे तेवत ठेवणारे जनित्र, या सर्वांच्या पोटात डीझेल एंजिनच धडधडत असते.

असे हे एंजिन ऐन गरजेच्या वेळी बंद पडले तर काय होते, याची कल्पना करा. ओंबीत दाणा भरण्याच्या वेळी गव्हाला पाणी मिळाले नाही, तर दाणा बारीक राहतो. भर समुद्रात होडीचे एंजिन थांबले, तर माणसांचे प्राण संकटात येतात. अशा वेळी लोक म्हणतात, "एंजिन अचानक बिघडले!" पण बहुतेक वेळा ते अचानक बिघडलेले नसते. माणसाला मोठा आजार होण्यापूर्वी जशी अंग जड होणे, भूक मंदावणे अशी लक्षणे दिसतात, तशीच एंजिनाचीही लक्षणे आठ-आठ, पंधरा-पंधरा दिवस आधी दिसत असतात. ती ओळखता आली पाहिजेत. त्यासाठी आधी एंजिन चालते कसे, हे समजून घेतले पाहिजे.

तुम्ही सायकलच्या चाकात पंपाने हवा भरली असेल. भरभर हवा भरल्यावर पंपाच्या खालच्या टोकाला हात लावून पाहा. ते गरम लागते. हवा एकदम दाबली की ती तापते, हा निसर्गाचा नियम आहे. डीझेल एंजिन याच नियमावर चालते. त्यात लोखंडाचे एक भक्कम नळकांडे असते. त्याला सिलिंडर म्हणतात. त्यात एक दट्ट्या, म्हणजे पिस्टन, खालीवर सरकतो. दट्ट्या प्रथम खाली येतो, तेव्हा उघड्या झडपेतून हवा आत ओढली जाते. मग झडप मिटते आणि दट्ट्या वर जाऊन ती हवा सुमारे सोळा ते वीस पट कमी जागेत दाबतो. या दाबाने हवा इतकी तापते की तिचे तापमान ५०० अंश सेल्सिअसच्याही वर जाते. नेमक्या त्याच क्षणी नोझल नावाच्या बारीक छिद्रांच्या तोटीतून डीझेलचा तुषार आत उडतो आणि तापलेल्या हवेचा स्पर्श होताच पेट घेतो. काडी लावावी लागत नाही, की ठिणगी पाडावी लागत नाही. त्या भडक्याने वायू फुगतात आणि दट्ट्याला जोराने खाली लोटतात. शेवटी दट्ट्या पुन्हा वर येतो व जळलेला धूर दुसऱ्या झडपेतून बाहेर ढकलतो. हवा घेणे, हवा दाबणे, काम करणे आणि धूर टाकणे या चार क्रिया एकामागून एक चालू असतात. दट्ट्याची खालीवर होणारी हालचाल दांड्याच्या साहाय्याने भल्या मोठ्या चाकाला फिरवते आणि ते चाक पट्ट्याने पंप चालवते.

ही युक्ती रुडॉल्फ डीझेल या जर्मन अभियंत्याने शोधून काढली. त्याचा जन्म १८५८ साली पॅरिस येथे झाला. त्याचे शिक्षण पुढे जर्मनीतील म्युनिक शहरी झाले. त्या काळी सर्वत्र वाफेची एंजिने चालत. त्यांत कोळशाची बहुतेक उष्णता वाया जाई आणि फारच थोडी कामी येई. हा अपव्यय डीझेलला खटकत असे. १८९३ साली आउग्सबुर्ग येथे त्याने आपले पहिले एंजिन चालवून पाहिले, तेव्हा आतील भडक्याने दाब मोजण्याचे उपकरणच फुटून गेले. तरी त्याने धीर सोडला नाही. चार वर्षांच्या परिश्रमांनंतर, १८९७ साली, सुमारे २० अश्वशक्तीच्या त्याच्या एंजिनाची तज्ज्ञांनी कसून परीक्षा घेतली. इंधनातील उष्णतेपैकी २६ टक्के उष्णता त्याने कामी लावली होती. त्या काळी ही गोष्ट अपूर्व होती. आणखी एक मौजेची गोष्ट अशी की १९०० साली पॅरिसच्या जागतिक प्रदर्शनात असे एक लहान एंजिन चक्क भुईमुगाच्या तेलावर चालवून दाखविण्यात आले होते.

आता पाहा, या वर्णनावरून एंजिनाला कोणत्या गोष्टी लागतात ते आपोआप ध्यानात येईल. त्याला श्वासासाठी स्वच्छ हवा हवी, अन्न म्हणून निर्मळ डीझेल हवे, शरीर निवविण्यासाठी पाणी हवे आणि सांध्यांसाठी वंगण हवे. या चार गोष्टींपैकी एकीत जरी कमतरता आली, तरी एंजिनाची प्रकृती बिघडते. विहिरीवरील एंजिनाचे बहुतेक आजार या चारांतूनच उद्भवतात.

पहिली गोष्ट हवा. एक लिटर डीझेल पूर्णपणे जळण्यास किमान दहा हजार लिटर हवा लागते. एवढी हवा आत जाताना तिच्याबरोबर धूळही जाणार. विशेषतः मळणीच्या दिवसांत शेतावर भुसा आणि माती यांचे नुसते लोट उठतात. धुळीत वाळूचे सूक्ष्म कण असतात. ते इतके कठीण असतात की सिलिंडर आणि दट्ट्यावरील कड्या यांना ते कानसीसारखे घासून काढतात. म्हणून हवेच्या वाटेवर एक गाळणी बसविलेली असते. काही गाळण्यांच्या तळाशी तेल असते. येणारी हवा त्या तेलावरून वळून जाते आणि धूळ तेलात अडकून राहते. हे तेल गढूळ झाले म्हणजे ते बदलले पाहिजे. धुळीचे काम असेल, त्या दिवशी तर संध्याकाळीच गाळणी साफ करावी. गाळणी तुंबली तर एंजिनाला धाप लागते. ती काढून ठेवली तर मात्र त्याचे आयुष्यच घटते. "गाळणी काढली की एंजिन जोरात चालते," असे म्हणणारे लोक भेटतात. त्यांना थोड्या दिवसांचा लाभ दिसतो. पुढे कड्या आणि सिलिंडर बदलण्यास लागणारा पैसा दिसत नाही.

दुसरी गोष्ट डीझेल. पाच अश्वशक्तीचे एंजिन पूर्ण भारावर तासाला साधारण सव्वा लिटर डीझेल पिते. ते मिनिटाला १५०० फेरे करीत असेल, तर दर दोन फेऱ्यांना एकदा, म्हणजे मिनिटाला ७५० वेळा, त्याच्या पोटात डीझेल उडते. हिशेब करून पाहिला तर प्रत्येक वेळी उडणारे डीझेल एका थेंबाच्या सुमारे निम्मेच भरते. इतके अल्प इंधन इतक्या वेळा, अगदी ठरल्या क्षणी आणि मोठ्या दाबाने उडवायचे, हे किती नाजूक काम! ते करणाऱ्या पंपातील दांडी आणि तिची नळी यांच्यामधील फट मिलिमीटरच्या दोनतीन हजारांशांइतकीच असते. आपल्या डोक्याचा केस त्या फटीच्या वीसपट तरी जाड असतो. अशा ठिकाणी धुळीचा एक कण किंवा पाण्याचा एक थेंब गेला, तर काय अनर्थ होईल ते तुम्हीच ठरवा.

डीझेलमध्ये पाणी येते कोठून, असा प्रश्न तुम्हांला पडेल. ते कोणी मुद्दाम घालीत नाही. टाकी अर्धी रिकामी ठेवली की वरच्या रिकाम्या जागेत हवा राहते. रात्रीच्या गारव्यात त्या हवेतील वाफेचे टाकीच्या आतील बाजूवर दव जमते आणि ते ओघळून तळाशी जाते. पाणी डीझेलपेक्षा जड असल्यामुळे ते तळाशीच साचते. यावर उपाय अगदी सोपा आहे. टाकी सकाळी भरण्याऐवजी काम संपल्यावर संध्याकाळीच भरून ठेवावी, म्हणजे दव जमण्यास जागाच उरत नाही. पिंपातील डीझेल हलवून लगेच काढू नये. ते काही काळ स्थिर राहू द्यावे, अगदी तळाचे डीझेल वापरू नये आणि टाकीत ओतताना स्वच्छ, तंतू न सुटणाऱ्या कापडातून गाळून घ्यावे. टाकीच्या तळाला मळी काढण्याची चकती असते. ती अधूनमधून उघडून साचलेले पाणी सोडून द्यावे. स्वस्त पडते म्हणून डीझेलमध्ये रॉकेल मिसळण्याची खोडही वाईट. इंधनाच्या पंपाचे वंगण म्हणजे डीझेलच होय. रॉकेलात तेवढा स्निग्धपणा नसतो. त्यामुळे पंपाचे नाजूक भाग झिजतात.

डीझेलच्या वाटेवरील आणखी एक नेहमीचा दोष म्हणजे नळीत हवा शिरणे. टाकी पुरती रिकामी होईपर्यंत एंजिन चालविले किंवा नळीचा एखादा सांधा सैल राहिला, की नळीत हवेचे बुडबुडे शिरतात. डीझेल दाबले जात नाही. हवा मात्र दाबली जाते. म्हणून पंपाने दाब दिला तरी तो सारा त्या बुडबुड्यांतच जिरतो आणि नोझलमधून तुषार उडत नाही. माणूस हँडल फिरवून फिरवून घामाघूम होतो, पण एंजिन सुरू होत नाही. येथे बळाचा उपयोग नाही, विचाराचा आहे. गाळणीवरचा लहान स्क्रू सैल करावा. प्रथम फेस येतो, मग बुडबुडे येतात आणि शेवटी डीझेलची अखंड धार लागते. तेव्हा तो स्क्रू आवळावा आणि हीच कृती पुढे पंपाजवळ करावी. पाच मिनिटांचे हे काम ज्याला ठाऊक नसते, त्याला तालुक्याच्या गावाहून मिस्त्री बोलवावा लागतो आणि एक दिवस वाया जातो. मात्र नोझलच्या तुषारापुढे कधीही हात धरू नये. त्याचा दाब इतका प्रचंड असतो की डीझेल कातडी भेदून आत शिरते आणि त्या जखमेने बोट किंवा हात गमावण्याची पाळी येऊ शकते.

तिसरी गोष्ट पाणी. इंधनाच्या उष्णतेपैकी जो भाग कामी येत नाही, त्यातील बराचसा सिलिंडरच्या भिंतींतून बाहेर पडतो. तो वाहून नेण्यासाठी भिंतीभोवती पाणी खेळविलेले असते. आता आपल्या दख्खनच्या काळ्या खडकातील विहिरींचे पाणी बहुधा जड असते. म्हणजे त्यात चुन्याचे आणि मॅग्नेशियमचे क्षार विरघळलेले असतात. न्हाणीघरातल्या पाणी तापविण्याच्या बंबात आतून पांढरा थर साचलेला तुम्ही पाहिला असेल. तसाच थर एंजिनाच्या पोटातही साचतो. त्याच्यातून उष्णता नीट बाहेर पडत नाही. मग वरून पाणी भरपूर वाहत असले, तरी आतले लोखंड तापतच राहते. म्हणून ज्या एंजिनात तेच ते पाणी फिरत असते, त्यात शक्य तर साठविलेले पावसाचे पाणी घालावे. आणि साचलेला थर ठरावीक मुदतीने जाणत्या माणसाकडून काढून घ्यावा.

एंजिन फार तापले की मनुष्य घाबरतो आणि घाईने त्यावर थंड पाणी ओततो. यासारखी दुसरी चूक नाही. तापलेल्या काचेच्या पेल्यात थंड पाणी ओतले की तो तडकतो, त्याचप्रमाणे ओतीव लोखंडाचे डोके, म्हणजे सिलिंडरचे झाकण, तडकते. अशा वेळी एंजिनावरचा भार काढावा, ते थांबवावे आणि आपोआप निवू द्यावे. पाण्याच्या बंद टाकीचे झाकणही लगेच उघडू नये. उकळते पाणी उसळून अंगावर येते. याच्या उलट, एंजिन अगदी गार राहणेही चांगले नाही. गार एंजिनात इंधन पुरते जळत नाही आणि आंबट, लोखंड खाणारे द्रव तयार होऊन सिलिंडर झिजतो. म्हणून बाहेर पडणारे पाणी चांगले ऊन असावे, पण उकळते नसावे.

चौथी गोष्ट वंगण, म्हणजे ऑइल. पुष्कळांना वाटते की वंगणाचे काम केवळ घर्षण कमी करणे एवढेच आहे. पण वंगण चार कामे करते. ते दोन भागांमध्ये पातळ पदर धरून लोखंडाला लोखंड घासू देत नाही. ते उष्णता वाहून नेते. दट्ट्यावरील कड्यांच्या बाजूची फट बुजवून दाब निसटू देत नाही. शिवाय जळण्यातून निर्माण होणारी काजळी आपल्यात सामावून घेऊन ते आतील भाग स्वच्छ ठेवते. म्हणूनच डीझेल एंजिनातील नवे वंगण थोड्याच तासांत काळे पडते. ते काळे झाले म्हणून चिंता नको; ते आपले काम करीत आहे. मात्र ही काजळी सामावून घेण्यास मर्यादा असते. लहान एंजिनांत साधारणपणे दोनशे ते अडीचशे तास काम झाल्यावर वंगण बदलावे लागते. नेमका आकडा एंजिनाबरोबर मिळणाऱ्या पुस्तिकेत दिलेला असतो. तोच प्रमाण मानावा.

रोज सकाळी एंजिन सुरू करण्यापूर्वी वंगणाची पट्टी बाहेर काढून पाहावी. ती पुसून पुन्हा घालावी आणि पुन्हा काढावी, म्हणजे खरी पातळी कळते. पातळी खाली गेली असेल तर वंगण घालावे. पण पातळी आपोआप वर चढलेली दिसली तर आनंद मानू नये! त्याचा अर्थ, वंगणात डीझेल किंवा पाणी उतरत आहे. वंगण ताकासारखे पांढरट दिसू लागले, तर त्यात पाणी मिसळले हे नक्की समजावे. अशा स्थितीत एंजिन चालविले तर आतील सांधे घासून निकामी होतात.

या चार गोष्टींची माहिती झाल्यावर आता एंजिनाच्या धुराकडे पाहू. वैद्य जसा जीभ पाहून पोटाची परीक्षा करतो, तसा जाणता मिस्त्री धुराचा रंग पाहून एंजिनाची परीक्षा करतो. निरोगी एंजिनाचा धूर काम चालू असताना जवळजवळ दिसतच नाही. काळा धूर येऊ लागला, तर डीझेल पुरते जळत नाही, असे समजावे. त्याची कारणे तीन: हवेची गाळणी तुंबलेली असते, एंजिनावर ताकदीबाहेर भार घातलेला असतो किंवा नोझलमधून तुषाराऐवजी मोठे थेंब पडत असतात. निळसर धूर म्हणजे वंगण जळत आहे. दट्ट्यावरील कड्या झिजल्या म्हणजे वंगण वर चढते आणि इंधनाबरोबर जळून जाते. पांढरा धूर म्हणजे न जळलेल्या डीझेलची किंवा पाण्याची वाफ. थंडीच्या सकाळी पहिली काही मिनिटे तो दिसला, तर काळजीचे कारण नाही. एंजिन तापल्यावरही तो थांबला नाही, तर मात्र पाणी आत झिरपते आहे किंवा दाब पुरेसा होत नाही, अशी शंका घ्यावी.

धुराप्रमाणे आवाजही बोलका असतो. एंजिनाचा ठेका रोज ऐकणाऱ्याला त्यातील बदल चटकन जाणवतो. ठोके अनियमित पडू लागले तर इंधनात हवा किंवा पाणी असण्याचा संभव असतो. सारे एंजिन थरथरू लागले, तर पायाचे बोल्ट सैल झालेले असतात. हातोडीने ठोकल्यासारखा आवाज आतून येऊ लागला, तर एंजिन तत्काळ थांबवावे. कारण आतील एखादा सांधा सैल झाला आहे आणि आणखी तासभर चालविले तर लहान दुरुस्तीची मोठी दुरुस्ती होईल.

एंजिनाची काळजी घेताना माणसाने स्वतःचीही काळजी घेतली पाहिजे. हाताने हँडल मारून सुरू होणारे एंजिन कधीकधी उलट झटका देते. म्हणून हँडल धरताना अंगठा बोटांच्याच बाजूस ठेवतात; तो दांड्याभोवती वळवीत नाहीत. धोतराचा सोगा, पदर, उपरणे किंवा सैल बाही फिरत्या पट्ट्याजवळ जाऊ देऊ नये. पट्ट्यात अडकलेले वस्त्र माणसाला क्षणार्धात आत ओढते. एंजिन चालू असताना त्याला तेल घालणे, पट्टा सारखा करणे किंवा सांधे आवळणे हे तर सर्वस्वी वर्ज्य आहे.

सर्वांत मोठा धोका मात्र डोळ्यांना दिसत नाही. वातावरणाचा दाब पाण्याला फार तर दहा मीटरपर्यंत वर ढकलू शकतो. प्रत्यक्षात साधा पंप सहासात मीटरपेक्षा खोलवरून पाणी नीट ओढू शकत नाही. त्यामुळे उन्हाळ्यात पाणी खाली गेले की काही शेतकरी पंप आणि एंजिन दोन्ही विहिरीतील कठड्यावर उतरवितात. एंजिनाचा धूर मग विहिरीतच कोंडतो. त्यात कार्बन मोनॉक्साइड नावाचा विषारी वायू असतो. त्याला रंग नाही आणि वासही नाही. आपल्या रक्तातील जो घटक प्राणवायू वाहून नेतो, त्याला हा वायू प्राणवायूपेक्षा दोनशेपटींहून अधिक घट्टपणे चिकटतो. शिवाय विहिरीतील प्राणवायू एंजिनच खाऊन टाकते. अशा विहिरीत उतरलेला मनुष्य थोड्याच वेळात बेशुद्ध पडतो. त्याला वाचविण्यासाठी दुसरा धावतो आणि तोही तेथेच कोसळतो. एकामागून एक असे तिघे-चौघे एकाच विहिरीत मरण पावल्याच्या दुःखद घटना घडलेल्या आहेत. कंदील खाली सोडून पाहण्याची जुनी रीत आहे. कंदील विझला तर प्राणवायू कमी आहे हे कळते. पण तो जळत राहिला तरी विषारी वायू नाही, असे सिद्ध होत नाही. म्हणून एंजिन जमिनीवरच ठेवावे. ते खाली ठेवणे भागच असेल, तर धुराचा नळ विहिरीच्या काठावर दूरपर्यंत न्यावा. एंजिन चालू असताना किंवा नुकतेच बंद केले असताना विहिरीत मुळीच उतरू नये. कोणी आत बेशुद्ध पडलेला दिसला, तर धैर्य म्हणजे उडी घेणे नव्हे. आरडाओरडा करून मोठ्या माणसांना जमवावे आणि ११२ क्रमांकावर दूरध्वनी करून मदत मागवावी. बंद खोलीत जनित्र चालवू नये, तेही याच कारणासाठी.

उघड्या हवेतही डीझेलचा धूर निरुपद्रवी नसतो. २०१२ साली जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने हा धूर कर्करोगास कारण होतो, असे जाहीर केले. आपल्या देशातही नव्या मोटारींच्या धुरासाठी २०२० सालापासून अधिक कडक नियम लागू झाले आहेत. ज्या एंजिनाची निगा नीट राखली जाते, ते डीझेल कमी पिते आणि धूरही कमी ओकते. तेव्हा निगा राखण्यात धन्याचा पैसा वाचतो आणि शेजाऱ्याचे आरोग्यही राखले जाते.

आता ही निगा राखायची म्हणजे नेमके काय करायचे? रोज सुरू करण्यापूर्वी वंगण, पाणी आणि डीझेल पाहावे, बोल्ट आणि पट्टा तपासावा. सुरू केल्यावर काही मिनिटे भार न घालता चालवावे, म्हणजे वंगण सर्व भागांत पोहोचते. थांबवितानाही आधी भार काढून काही मिनिटे चालू ठेवावे, म्हणजे आतील उष्णता हळूहळू उतरते. आणि मग डीझेल तोडून थांबवावे. काम संपल्यावर अंगावरील तेल व धूळ फडक्याने पुसावी. पुसताना कोठे तेल गळते, कोठे तडा गेला आहे, ते हाताखाली आपोआप सापडते. आणि एक साधी वही ठेवावी. आज किती तास एंजिन चालले, किती डीझेल लागले, वंगण कधी बदलले आणि गाळणी कधी धुतली, एवढेच तीत लिहावे.

या वहीचा उपयोग फार मोठा आहे. गेल्या महिन्यात तासाला सव्वा लिटर डीझेल लागत होते आणि आता दीड लिटर लागू लागले, हे वहीच सांगते. कानाला किंवा डोळ्याला न कळलेला आजार आकड्यांत उमटतो. घरातील मोठ्या माणसांना अनेकदा अशा नोंदीस सवड मिळत नाही; तुम्ही मात्र हे काम सहज करू शकाल. चालू एंजिनाला हात न लावता, दूर उभे राहून, त्याचा धूर पाहा, ठेका ऐका आणि संध्याकाळी वहीत दोन ओळी लिहा. शाळेत शिकलेली वजाबाकी, भागाकार आणि सुवाच्य अक्षर यांचा याहून चांगला उपयोग कोणता? अशा दोन ओळींच्या बळावर एंजिनाचा दोष वेळीच सापडेल आणि पौषातल्या गव्हाला त्याच्या वेळेला पाणी मिळेल.